खांबाला दिलेला हँडओवर

इंग्रजीतला एकच शब्द मला पुरता येतो. बाकीचे येतात ते बसस्टँड, मोटार, डॉक्टर असले, सगळ्यांनाच येतात, त्यांना मी इंग्रजी धरत नाही. माझा शब्द हँडओवर. माझी नात कॉलेजात इंग्रजी शिकते. ती म्हणाली, आबा, तो एक शब्द नाही, दोन आहेत, आणि दोन्ही मिळून त्यांचा अर्थ होतो सोपवणे. मी म्हटलं, असेल बाई. पण सोपवणं हे एकट्या माणसाला करता येतं. पोरगं आजोळी सोपवलं, बैल शेजाऱ्याच्या दावणीला सोपवला, की आपण मोकळे. हँडओवर एकट्याला करता येत नाही. मला तो ज्यानं शिकवला त्यानं असा शिकवला, आणि ज्या दिवशी तो मला खरा कळला त्या दिवसाबद्दल मी आता लिहितोय. माझं अक्षर वाईट आहे, चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण लिहिणार मीच. मी सांगायचं आणि दुसऱ्या कुणी उतरवून घ्यायचं, हे मला चालायचं नाही.

मिसरूड फुटायच्या वयात मी लिंबागणेशकडचं आमचं गाव सोडून गेवराईला मावशीकडं आलो. मावशीचं घर म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीला टेकलेली एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. मावसा त्याच जिनिंगमध्ये प्रेसवर होता. प्रेस म्हणजे जिथं सरकी काढलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधतात ते मोठं लोखंडी यंत्र. हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्या घरात शांतता म्हणून नसायची. भिंतीच्या पलीकडं सरकी काढणाऱ्या जिनांची घरघर, इतकी सारखी की ती ऐकू येईनाशी व्हायची, आणि बंद पडली की मात्र झोपलेलं माणूस दचकून उठायचं. पाळी बदलताना भोंगा व्हायचा, तेव्हा मावशीच्या फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. आणि सगळीकडं फुफाटा, कापसाचा. भुवयांवर, दोरीवरच्या लुगड्यावर, पाण्याच्या घागरीवर. मावशी येसराची आमटी ताटात वाढली की आधी तिच्यावर फुंकर मारायची, मग म्हणायची, "जेव." भाकरीवरही फुंकर. मला ती सवय अशी लागली की आजही पहिल्या घासाआधी मी फुंकतो. सूनबाईला पहिल्यांदा वाटलं सासऱ्याला तिच्या हातचं काही खटकलं.

मावशीला मूलबाळ नव्हतं. ती बोलायला कडक होती, पण कुळथाचे शेंगुळे केले की कढईच्या बुडाचे घट्ट शेंगुळे माझ्या ताटात यायचे, वरून करडईचं कच्चं तेल. मावसा पातळ रस्सा ओरपायचा आणि म्हणायचा, "आमी पाहुणे हावोत वाटतं या घरात." तो किरकोळ अंगाचा, शांत माणूस. त्यानंच मला जिनिंगमध्ये लावलं. काम काय, तर प्रेसच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी उभं राहायचं. स्टार्टर म्हणजे मोटार चालू-बंद करायची लोखंडी पेटी, तिला कुलूपकिल्ली. सांगितलं की चालू करायचं, सांगितलं की बंद. ऐकायला सोपं.

शब्द मला दिला तो बशीर मिस्त्रीनं. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन शेठच्या आग्रहावरून इथं आलेला, हैद्राबादकडचा, पांढरी दाढी, कानात अत्तराचा बोळा. पहिल्या दिवशी त्यानं मला स्टार्टरपाशी नेलं आणि विचारलं, "तुमची पाली खतम हुई तो क्या करते, म्हादू मियाँ?"

मी म्हटलं, "घरी जातो."

"नक्को. पैले हँडओवर. देको, आनेवाला आया, उसको जगा दिकाव, मशीन दिकाव, क्या चालू क्या बंद मूँ से बोलो, किल्ली हात में देव. हुआ?"

"झालं."

"आधा हुआ. तुम दिये सो आधा. वो देक के, अपने मूँ से, लिया बोला तो पूरा. वो लिया नै बोला तो तुम जगा पे च खडे. बाप मरे तो बी खडे."

मला ते आवडलं. शाळेत जे शिकवलं त्यात माझ्यावाचून काही अडत नव्हतं. इथं मी हललो तर काहीतरी अर्धं राहत होतं.

तो शब्द जिनिंगभर पसरला आणि भिंत ओलांडून घरांतही आला. मावशी शेजारणीला म्हणायची, "मी बाजारला जाते, दूध तुला हँडओवर." न्हाव्यानं एकाची अर्धी दाढी करून पोराला वस्तरा दिला की बाकडावरची माणसं ओरडायची, "हँडओवर!" पण शब्द वापरून वापरून झिजतोही. संक्रांतीपर्यंत त्याचा अर्थ एवढाच उरला होता की माणूस घरी गेला. "अमका कुठंय?" "त्याचा हँडओवर झाला." किल्ली खांबाच्या खिळ्याला अडकवायची आणि भोंग्याच्या आवाजात फाटकाकडं पळायचं. बशीर मिस्त्री दिसला तर शिव्या द्यायचा. पण तो लेकीच्या लग्नाला हैद्राबादला गेला आणि मग कुणालाच धाक राहिला नाही.

माझ्या जागेवर दुसऱ्या पाळीला नागनाथ यायचा. नागनाथआप्पा म्हणायचो मी त्याला, कारण तो माझ्याहून थोरला. त्याच्या घरचं बाजारात किराण्याचं दुकान, पण भावांशी पटेना म्हणून हा जिनिंगवर. अंघोळ करून, कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, धुतलेल्या सदऱ्यात यायचा आणि उगाच ऐटीत चालायचा. सुरुवातीला आमचं चांगलं जमलं. मग एकदा चहाच्या टपरीवर, चारचौघांत, मी त्याला कसल्याशा गोष्टीवरून चिडवलं, तर तो फटकन म्हणाला, "तू बोलू नको बे. मावशीच्या चुलीवर जगणारं माणूस तू." लोक हसले. मी कप खाली ठेवला आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्यानंही बंद केलं.

आमच्याकडं अबोला धरला तरी काम अडू देत नाहीत. जावाजावा एका चुलीवर राहून वर्ष वर्ष बोलत नाहीत, तरी स्वयंपाक होतो. एक मांजराला सांगते, "मीठ संपलंय बरं का," दुसरी त्याच मांजराला सांगते, "फडताळात हाय म्हणावं." आम्ही खांब धरला. स्टार्टरजवळ एक लाकडी खांब होता, किल्लीचा खिळा त्यालाच. मी खांबाकडं बघून म्हणायचो, "खांबा, पट्टा घसरतोय म्हणावं, बघून चालू कर." नागनाथ दुसरीकडं तोंड करून म्हणायचा, "खांबा, कळतंय म्हणावं आमाला, शिकवू नको." कधी कधी भांडणही खांबाच्या मारफत व्हायचं. "खांबा, काहींना चुलीवरून उठायला उशीर होतो." "खांबा, काहींना दुकानातून भाऊ हाकलून देतात." बाकीचे कामगार मुद्दाम ऐकायला थांबायचे. कुणीतरी खांबाला हळदकुंकूही लावलं होतं.

यात माझी चूक नव्हती. आजही नाही म्हणतो. भाकरीवरून बोललेलं मी आयुष्यात कुणाचं सोडलेलं नाही.

त्या दिवशीही मी पहिल्या पाळीला होतो. प्रेसच्या खाली एक खड्डा होता, बाजूनं शिडी लावून उतरायचा. पंप सुरू झाला की त्या खड्ड्यातून जाड लोखंडी दांडा दाबानं वरखाली व्हायचा आणि वरची रुई दाबायचा. दांड्याच्या बाजूनं तेल गळायला लागलं होतं. आत उतरून ते आवळायला किरकोळ माणूसच लागे, म्हणजे मावसा. मोटार चालू झाली तर त्या खड्ड्यात माणसाला जागा उरत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी स्टार्टर बंद केला, पेटीला कुलूप घातलं. मावसा शिडीवर एक पाय ठेवून म्हणाला, "किल्ली?"

मी दाखवली.

"हातातच असू दे," म्हणाला आणि उतरला. थोड्या वेळानं खालून हातोडीचा आवाज यायला लागला.

तो वर यायच्या आत भोंगा झाला. जिनं तर चालूच होती, त्यामुळे एकमेकाचं बोलणं ऐकायला कानाशी तोंड न्यावं लागे. पहिली पाळी फाटकाकडं सुटली. नागनाथ आला, डबा कोनाड्यात ठेवला आणि फुफाट्यासाठी डोक्याला, कानांना फडकं गुंडाळायला लागला. पाठ माझ्याकडं.

मी खांबाला म्हटलं, "खांबा, खड्ड्यात माणूस हाय. कुलूप घातलंय. किल्ली माझ्याकडं हाय."

नागनाथ फडक्याची गाठ मारत म्हणाला, "अडकव म्हणावं खिळ्याला."

रोज एवढंच व्हायचं. माझा हात खिळ्याकडं गेलाही. पण किल्ली काही सुटेना. यानं ऐकलं काय? किल्ली अडकवायची एवढंच ऐकलं, का माणूस आहे हेही ऐकलं? फडक्यातून कळणार कसं? मी पुन्हा म्हटलं, "खांबा, माणूस हाय म्हणावं खाली."

"कळलं म्हणावं."

काय कळलं ते कळेना. तेवढ्यात मुकादम धावत आला. बाहेर गाठींसाठी ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मुकादम लांबूनच ओरडला, "ए, प्रेस चालू करा की! कावून थांबलाव?"

"मावसा खाली हाय," मी ओरडलो.

"आता कुठला खाली? भोंगा झाला. पहिल्या पाळीचा हँडओवर झाला, गेला आसंल तो घरी."

तेव्हा मला खरा धोका कळला. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात हँडओवर म्हणजे घरी जाणं, आणि भोंगा म्हणजे सगळे गेले. खिळ्याला किल्ली दिसली असती तर त्यानं स्वतः काढून कुलूप उघडलं असतं, आणि चांगल्या मनानं उघडलं असतं. जिनांच्या आवाजात खालची हातोडी वर उभ्या माणसाला ऐकू येत नव्हती.

"गेलेला न्हाई. म्या पाहिलंय," मी म्हटलं.

"बरं, मग किल्ली दे इकडं. मी बघतो."

"तुमाला न्हाई."

"काय?"

"तुमी आता ट्रककडं जाताल. पाळी ह्याची हाय. ह्यानं घ्यावी. बघून घ्यावी, आन तोंडानं घेतली म्हणावं."

मुकादमानं नागनाथाच्या खांद्याला हिसका दिला. "म्हण की बे, घेतली म्हणून! काय तमाशा लावलाय?"

नागनाथ खांबाकडं बघून म्हणाला, "खांबा, घेतली म्हणावं."

"खांबानं घेतली," मी म्हटलं. "ह्यानं न्हाई."

दोघंतिघं जमले होते, ते हसले. एक म्हणाला, "म्हाद्या, खांबाच्याच गळ्यात बांध की किल्ली." मुकादमाचा चेहरा लाल झाला. "उद्यापास्नं येऊ नको तू. तुझ्यासारखी लई पोरं फाटकावर उभी हायेत," म्हणाला. मी म्हटलं, "उद्याचं उद्या. आज मी इथंच."

माझं पोरगं मला जिद्दी म्हणतं तेव्हा तो दिवस मला आठवतो. माझी पिठाची गिरणी मी त्याच्या नावावर करून दिली, आणि तरी रोज सकाळी जाऊन जात्याला हात लावून बघतो, तापलंय का. तो म्हणतो, दादा, तुमी दिली, पण मला घेऊ कधी देणार? मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. लिहायला बसलं की असं काहीबाही मध्ये येतं.

तर, मी उभा राहिलो. जागा सोडायची नाही एवढं नक्की. पण उभं राहून भागणार नव्हतं. दुसरी पाळी सुरू झाली होती, ट्रक ओरडत होता, आणि माझ्या मुठीतून ती किल्ली काढून घ्यायला दोन दांडगे पुरेसे होते. नागनाथाच्या तोंडून शब्द काढायचा तर त्याच्याशी बोलायला पाहिजे. त्याच्याशी. मांजराशी नाही, खांबाशी नाही. आणि अबोल्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे सगळ्या जिनिंगला माहीत. ते बघायलाच तर थांबले होते. मला चहाच्या टपरीवरचं हसणं ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, ही हार माझी. पण ती मी देतोय, कुणी हिसकावून घेत नाही.

मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो, त्याच्या कानावरचं फडकं हातानं वर केलं आणि म्हटलं, "नागनाथआप्पा."

 हसणारे जवळ सरकले.

"नागनाथआप्पा, खड्ड्यात मावसा हाय. जिता माणूस हाय. मोटार बंद, पेटीला कुलूप, किल्ली एकच, ती ही. तुमी वाकून बघा आन घ्या. तुमी घेतली म्हणल्याबिगर मी हलणार न्हाई."

मला वाटलं होतं, आता तो मिशीत हसेल, "बोललास ना शेवटी" म्हणेल. तो तसलं काही बोलला नाही. त्यानं डोक्यावरचं सगळं फडकं सोडलं, धुतलेल्या सदऱ्यानिशी तेलकट जमिनीवर पालथा झाला आणि खड्ड्यात डोकं घालून ओरडला, "मावसा!"

खालून काही आलं नाही. तो पुन्हा ओरडला. मग खालची हातोडी थांबली आणि मावशाचा आवाज आला, "कोन हाय बे? म्हाद्या कुठंय?"

"म्या नागनाथ. आता किल्ली माझ्याकडं. तुमी हुईस्तोवर करा."

उठला तेव्हा त्याचा सदरा काळा झाला होता, भस्म पुसलं गेलं होतं. त्यानं हात पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझ्याकडं बघून म्हणाला, "दे म्हादेव. घेतली."

मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. मुकादम लगेच पुढं झाला, "बरं झालं एकदाचं. आता आण इकडं, ट्रकवाला..."

"म्या घेतलीय," नागनाथ म्हणाला आणि मूठ मिटली.

इथं खरं तर संपायला पाहिजे होतं. पण माझे पाय निघेनात. खाली माझा मावसा, ज्याच्या पाठीमागं सायकलवर बसून मी त्या फाटकातून पहिल्यांदा आत आलो तो. मी खड्ड्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. नागनाथ जवळ आला.

"जा आता घरी."

"मावसा वर आला की जातो."

"म्या घेतली म्हणलं का न्हाई?"

"म्हणलात."

"मग उभा कावून? तू इथं उभा तर म्या काय घेतलं? सगळ्यांपुढं बोलून दिलीस, आन आता राखण बसतोस व्हय माझी?"

बशीर मिस्त्रीनं मला हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगायचं राहिलं होतं. घेणाऱ्यानं घेतली म्हटल्यावर देणाऱ्यानं जायचं असतं. उभं राहण्यापेक्षा ते जड आहे.

मी निघालो. मागं बघितलं नाही, ठरवूनच. फाटकापर्यंतचं अंतर रोज मी शीळ घालत जायचो. त्या दिवशी कानांनी चालत होतो. फाटकाच्या अलीकडं असतानाच मागं एक मोटार चालू झाल्याचा आवाज आला, आधी घुर्र, मग चढत चढत एकसारखा. जिनाची का प्रेसची, एवढ्या लांबून कळेना.  मी स्वतःला म्हटलं, त्यानं घेतलीय. नागनाथआप्पानं घेतलीय. आणि फाटकातून बाहेर पडलो.

मावशीनं ताट वाढलं. "हे कुठं हायेत?"

"खड्ड्यात. काम राहिलंय."

तिचा हात आमटीच्या पळीवर थांबला. "आन किल्ली?"

"नागनाथआप्पाकडं."

"त्याच्याशी तर तू बोलत न्हाईस."

"बोललो."

 मग तिनं ताटावर फुंकर मारली आणि ते माझ्यापुढं सरकवलं. मी हात लावला नाही. तिनंही जेव म्हटलं नाही. ती दारात बसून तूर निवडायला लागली, निवडलेली पुन्हा निवडली. भिंतीपलीकडची घरघर आम्ही दोघंही ऐकत होतो, पण त्यात प्रेस कुठली आणि जिन कुठलं, हे इतक्या दिवसांनंतर आम्हाला पहिल्यांदाच कळेना.

ऊन कलल्यावर सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. मावसा आत आला, काळाकुट्ट, दातच तेवढे पांढरे. मावशीनं त्याच्या हातावर पाणी घातलं. तो तोंड धुता धुता म्हणाला, "वर आलो तर नागनाथ खड्ड्यात पाय सोडून, शिडीच्या तोंडावर बसलेला. मुकादम बाजूला शिव्या देतोय, ह्याचं लक्षच न्हाई. मला म्हणतो, मोजून घ्या मावसा, हातपाय सगळे हायेत का. मी म्हणलं, म्हाद्या कुठंय? तर म्हणला, त्याचा हँडओवर झाला."

बोलताना तो हसत होता. मावशीनं माझ्यापुढचं गार झालेलं ताट उचललं, आमटी पुन्हा पातेल्यात ओतली, पातेलं चुलीवर ठेवलं, आणि दोन पाट मांडले.